वैमानिकाला कोन दिसू द्या

प्रति,
महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,


कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले. आपल्या कार्यालयाने २०१७ मध्ये त्याची नोंदणी केली आणि २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना दिला. हौसेने विमान बांधणाऱ्यासाठी आपल्या देशातही वाट आहे, हे त्यामुळे अनेक तरुणांना कळले. त्या वाटेने आणखी लोक येतील, यावेत. म्हणूनच कोनदर्शक या एका छोट्या उपकरणासाठी आपल्याकडे आग्रह धरतो आहे.

पंख समोरून येणाऱ्या हवेला ज्या कोनात भिडतो, तो अँगल ऑफ अटॅक. कोन वाढतो तशी पंखाची उचल वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. बहुतेक लहान विमानांत साधारण १५ ते १८ अंशांच्या दरम्यान हवा पंखाचा पृष्ठभाग सोडते आणि उचल ढासळते. हाच स्टॉल. तो ठरतो कोनावरून. कॉकपिटमध्ये मात्र वेगाचा काटा असतो, कोनाचा बहुधा नसतोच. वैमानिक वेगावरून कोनाचा अंदाज बांधतो, म्हणजे कपाळाला हात लावून ताप ओळखतो. सरळ उड्डाणात हा अंदाज चालून जातो, वळणात दगा देतो. उंची राखून ४५ अंश कलून वळले, तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना ४१ टक्क्यांनी.

लहान विमानांचे कित्येक जीवघेणे अपघात उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात होतात, ते यामुळेच. वाऱ्याने विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकलले जाते. एवढ्या कमी उंचीवर आणखी कलायला वैमानिक कचरतो आणि त्याऐवजी रडर जास्त दाबतो. नाक खाली जाऊ लागते, म्हणून तो स्टिक ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जाते, म्हणजे गिरक्या घेत कोसळू लागते. तेव्हा जमीन पाचशे फुटांवर किंवा त्याहूनही जवळ असते. सावरण्याचे तंत्र कितीही घोटलेले असले, तरी ते वापरायला उंचीच उरलेली नसते.

घरी बांधलेल्या विमानात यापुढचीही अडचण आहे. कारखान्यातल्या विमानाचे स्टॉलचे वेग चाचणी-वैमानिकांनी मोजून पुस्तिकेत दिलेले असतात. एकाच किटमधून दोघांनी बांधलेली दोन विमाने मात्र वजनाने, तोलाने, पंखाच्या बारीकसारीक घडणीने वेगळी निघतात. वेग मोजणारी पिटो नळी कुठे बसवली यावर कमी वेगात काटा किती चुकेल हे ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांचा मोठा अभ्यास केला. तिथल्या सामान्य विमानचालनातील विमानांपैकी ही विमाने जेमतेम दहा टक्के, पण २०११ मधल्या जीवघेण्या अपघातांतला त्यांचा वाटा २१ टक्के. इंजिनातील बिघाड आणि विमानावरचा ताबा सुटणे, ही मुख्य कारणे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याकडून दुसऱ्या कोणी विकत घेतलेली होती. ज्याने बांधले त्याला आपल्या यंत्राच्या खोडी माहीत असतात. नव्या मालकाला त्या कोण सांगणार? त्याच विमानात, त्याच पंखावर जुळवलेला कोनदर्शक ते बऱ्याच अंशी सांगू शकतो.

बोइंग ७३७ मॅक्सचे उदाहरण कोणी पुढे करील. २०१८ आणि २०१९ मधल्या त्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली, आणि सुरुवात कोनमापकाच्या चुकीच्या आकड्यापासूनच झाली. पण तिथे एका मापकाच्या भरवशावर संगणक विमानाचे नाक खाली दाबत होता. मी मागतो आहे ते उपकरण फक्त दाखवते किंवा आवाजाने बजावते. नियंत्रणांना ते शिवत नाही. उलट २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ च्या अपघातानंतर फ्रेंच तपास यंत्रणेने, वैमानिकांना कोन थेट दिसावा का याचा विचार करण्याची शिफारस केली होती. त्या विमानातले २२८ जण स्टॉलमधून न सावरलेल्या विमानासोबत समुद्रात गेले.

उपकरणाच्या मर्यादा मला मान्य आहेत. पावसाळ्यात मापकाच्या छिद्रात पाणी शिरते, आणि हँगरमध्ये उभ्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. फ्लॅप उतरवले की गणित बदलते. चुकीचा जुळवलेला कोनदर्शक तर नसलेल्यापेक्षा घातक.

म्हणून सक्ती नको. सक्ती केली की महागडी प्रमाणपत्रे आली आणि हौशी माणूस मागे फिरला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने (एफएए) २०१४ मध्ये कारखान्यातल्या लहान विमानांसाठीही कोनदर्शकाच्या मंजुरीची प्रक्रिया सोपी केली, तसे इथे करा. नियंत्रणांना न जोडलेल्या उपकरणाला साध्या अर्जावर परवानगी मिळू द्या. घरी बांधलेल्या विमानाच्या चाचणी उड्डाणांत, पुरेशा उंचीवर, फ्लॅप वर आणि खाली, हलके आणि पूर्ण भरलेले अशा प्रत्येक स्थितीत स्टॉल तपासून कोनदर्शक जुळवण्याची पायरी घाला. ती नोंद विमानाच्या कागदपत्रांत राहावी आणि विक्रीच्या वेळी नव्या मालकाच्या हाती पडावी. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी विमान चालवायला शिकणाऱ्या मुलांसाठी निदान काही प्रशिक्षण विमानांत हे उपकरण बसवायला उत्तेजन द्या. शेवटच्या वळणात नजर बाहेर असते, म्हणून या उपकरणात आवाजाची सूचना असलेलीच बरी.

कळावे,
आपला नम्र,
एक विमानप्रेमी नागरिक