मुलास प्रथम विचारा

बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ल्यास येतात. परवा एक माउली मुलास घेऊन आली. "फादर, ह्याला स्थापत्य अभियांत्रिकीची ओढ, पण आता कृत्रिम बुद्धिमत्तेवाचून निभाव नाही, असे सगळे म्हणतात." मुलगा खाली मान घालून बसला होता.

आमच्या हैदराबादच्या आय.आय.टी.ने 2019 साली या विषयाचा स्वतंत्र बी.टेक. अभ्यासक्रम सुरू केला. पुढे अनेक महाविद्यालयांनी तोच कित्ता गिरविला. विद्या उत्तम आहे, यात शंका नाही. पोप चौदावे लिओ यांनी 2025 मध्ये आपल्या नामग्रहणाचे कारण सांगताना याच यंत्रबुद्धीचा उल्लेख केला आणि 1891 साली श्रमिकांची बाजू मांडणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण केले. दोघांच्याही चिंतेचा विषय एकच: मनुष्याची प्रतिष्ठा व त्याचे श्रम.

आम्ही त्या माउलीस म्हणालो, "पुलाचे गणित यंत्र झटपट करील, परंतु पाया खचला तर जाब मनुष्यालाच द्यावा लागेल. मुलाने स्थापत्यच शिकावे, आणि हे यंत्र चाकर म्हणून हाताशी ठेवावे."

प्रभूच्या दाखल्यातील धन्याने प्रत्येक दासास ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे द्रव्य सोपविले आणि हिशेबही त्याचाच मागितला, शेजाऱ्याचा नव्हे. पालकहो, मुलास प्रथम विचारा, मग बाजारास.