थंडी कडाक्याची, अंदाज मात्र उबदार हिवाळ्याचा; सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यानं धरायचं काय?

२०२४ च्या डिसेंबरची सुरुवात आठवा. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचं आभाळ थेट तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांवर येऊन बसलं. स्वेटर पेटीत गेले, फवारणीचे ब्लोअर बाहेर निघाले. नंतर पुन्हा गावोगावी शेकोट्या पेटल्या. आणि हवामान खात्यानं तर २ डिसेंबर २०२४ ला सांगितलं होतं, डिसेंबर ते फेब्रुवारी देशाच्या बहुतेक भागात रात्रीचं तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, थंडीच्या लाटेचे दिवसही कमी. पारावर खात्याची चेष्टा चालली ती यावरून.

पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तीन महिन्यांचा अंदाज सरासरी सांगतो. नव्वद रात्रींपैकी पंधरा हाडं गोठवणाऱ्या निघाल्या आणि बाकीच्या उबदार, तरी सरासरी वरच राहते. द्राक्षाच्या मण्याला मात्र त्या पंधरा रात्री सोसाव्याच लागतात.

आपल्याकडची कडाक्याची थंडी उत्तरेकडून येते. पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढं सरकला की मागून कोरडे, गार वारे सुटतात. बहुतेक वेळा आधी जळगाव-निफाड गारठतं, मग पुणे, मग आपण. वारा फिरून बंगालच्या उपसागरावरून यायला लागला की हवेत ओल येते, ढग धरतात आणि रात्री जमिनीची ऊब निसटत नाही. थंडी पळते, पण बागेत भुरी-दावण्याची भीती सुरू होते.

म्हणून नुसत्या थंडीपेक्षा हे हेलकावेच जास्त भोवतात असं वाटतं. माण, खटाव, जत, आटपाडीतल्या शाळूला थंडी मानवते, गहू-हरभऱ्यालाही. आभाळ आलं की मात्र ज्वारीवर मावा, हरभऱ्यात घाटेअळी. द्राक्षाला दोन्हीकडून मार. गारठ्यात मण्यांची फुगवण मंदावते. मण्यात पाणी भरताना दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यात फार फरक पडला, तर हिरव्या जातीत गुलाबी मणी निघतात आणि दर पडतो. घडांना कागद गुंडाळतात तो यासाठीच. पहाटे बागेत धूर करतातच, पण रात्री पाणी देऊन जमीन ओली ठेवणं त्याहून भरवशाचं.

मोबाईलवरचा आकडा तुमच्या रानाचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. थंड हवा जड, ती रात्री सखल भागात उतरते. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दव गोठतं (बातम्यांत त्याचा ‘बर्फ’ होतो), तेव्हा वर बाजारपेठेत तसं काही नसतं. स्ट्रॉबेरीवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ओढ्याकाठची खोलगट बागही माळावरच्या बागेआधी गारठते.

आणि ‘थंडीची लाट’ म्हणून फिरणारे मेसेज जपूनच वाचा. आपल्यासारख्या पठारी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी, असं झालं की खातं लाट म्हणतं.

पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज खातं दर गुरुवारी देतं, पिकांचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी, तो मेघदूत ॲपवर मराठीतही मिळतो. त्यात पूर्वेचे वारे दिसले, तर थंडी कितीही कडक असली तरी भुरीची तयारी दोन दिवस आधीच करून ठेवा.