नॅचरल म्हणजे निरुपद्रवी?

हापूस कापला आणि आत अळ्या वळवळताना दिसल्या, की मूडच जातो. ही फळमाशीची करणी. २०१४ च्या मे महिन्यात युरोपियन युनियनने आपल्या आंब्यावर बंदी घातली तीही हिच्यामुळेच. उठली ती २०१५ मध्ये.

यावर उपाय म्हणून हल्ली बियांमधल्या प्रथिनांचं नाव घेतलं जातं. कल्पना झकास आहे. सोयाबीन, चवळी यांच्या बियांत ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. किड्याने बी खाल्लं की ते त्याच्या पाचक एन्झाइमला जाऊन चिकटतात. पोट भरलेलं, पण पचन बंद! पुण्याच्या एनसीएलमध्ये घाटेअळीवर याच दिशेने बरंच काम झालंय.

पण "नॅचरल आहे ना, मग मारा फवारे" हे काही पटत नाही. एक तर एरंडीच्या बियांतलं रिसिन हेही नॅचरल प्रथिनच, आणि ते जहाल विष आहे. दुसरं म्हणजे अळी असते गरात. सालीवर फवारलेलं तिच्या पोटात जाणार कसं?

मला विचाराल तर नेम माशीवरच धरायला हवा. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात अडकतात ते नर, मादी मोकळीच. तिला अंडी तयार करायला प्रथिन लागतं, म्हणून तर प्रोटीनचं आमिष वापरतात. बियांच्या प्रथिनांची परीक्षा त्या आमिषात घ्या. अर्थात हेही ब्रह्मास्त्र नव्हे. इनहिबिटरला दाद न देणारी एन्झाइम्स बनवणारे किडे आहेतच.

तोवर बागेत पडलेली किडकी फळं उचलून खोल पुरायची. हा उपाय बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही, इतकंच.