हळद जुनी, पण पुरावा कशाचा?

बोट कापले की आपल्या घरात पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. याच हळदीच्या जखमेवरील वापराचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हे योग्यच झाले.

परंतु या निकालाचा पुष्कळांनी भलताच अर्थ लावला. सिद्ध झाले ते एवढेच, की हा वापर नवा नाही. हळद कोणत्या जखमेवर किती गुणकारी, हा त्या दाव्याचा विषयच नव्हता. एखादे औषध जुने आहे, एवढ्यावरून ते मधुमेहाच्या जखमेवर चालेल असे मानणे मला धोक्याचे वाटते.

मधुमेही माणसाच्या पायाची जखम साधी नसते. मज्जातंतू बधिर झाल्याने ती दुखत नाही, रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या होतात. त्यातच वेदना नसल्याने माणूस त्याच पायावर चालत राहतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. शरीराचा भार तळव्याच्या लहानशा भागावर आला की तेथील दाब किती वाढत असेल, याचा विचार करा. हा दाब कोणत्याही पाल्याच्या रसाने कमी होत नाही. त्यासाठी जखमेवरचा भारच काढावा लागतो.

हळद, कोरफड, एकदांडी यांच्या अर्कांचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत व त्यांत आशादायक निष्कर्षही मिळाले आहेत. मात्र उंदराची कातडी सैल असल्याने त्याची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते. आपली जखम मुख्यतः नव्या पेशींनी भरून येते. शिवाय अर्क कशात काढला, यावरही गुण अवलंबून असतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून ठरावीक प्रमाणाचा अर्क घेऊन, नेहमीचे उपचार चालू असलेल्या रुग्णांचे दोन गट करून, एकालाच तो लावून तुलना केली पाहिजे.

असे कष्ट फुकट जात नाहीत. चीनच्या तू यूयू यांना मलेरियावरील वनस्पतीचा धागा जुन्या ग्रंथात मिळाला. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, तो तपासला आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वनस्पतींचाही असाच कसून अभ्यास व्हावा.

तोपर्यंत एक करा. घरातील मधुमेही आजी-आजोबांचे तळवे रोज पाहा. जखम दिसली तर पाला बांधून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उशीर झाल्यास पाय कापण्याची पाळी येऊ शकते.