कामावरचं धरायचं का?



मागच्या महिन्यात जळगावच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही रक्तातली साखर तपासायला बसलो होतो. वंदना झाली आणि बायका रांगेत आल्या. पन्नाशीजवळची एक ताई औद्योगिक वसाहतीतल्या डाळ मिलमध्ये निवडणीच्या कामाला जाते. तिची उपाशीपोटी साखर १६८ आली. तिचा विश्वासच बसेना. म्हणाली, "ताई, तुमचं मशीन बिघडलंय. मी घरात साखरेला हात लावत नाही. चहा घेते तो गुळाचा, तोही एकदाच."

मी विचारलं, "आणि कामावर?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "कामावरचं धरायचं का?"

मग आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. गेल्यागेल्या मुकादमाचा चहा. अकराला गेटवरच्या गाडीवरचा समोसा आणि पुन्हा चहा. तीनला तिसरा चहा. त्या आठवड्यात मालकाने नवीन गाडी घेतली म्हणून पेढे, एकीच्या नातवाच्या बारशाचे बुंदीचे लाडू आणि अमावास्येच्या पूजेचा शिरा. हे सगळं तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं, कारण ते तिने विकत घेतलेलं नव्हतं. फुकटचं आणि कामावरचं पोटात मोजायचं असतं, असं तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

माझ्या बहिणींनो आणि भावांनो, ते धरायचं. शरीर विचारत नाही की साखर घरची की मालकाची. आणि गूळही साखरच आहे, हेही या निमित्ताने ऐकून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे साधारण पाच-सहा चहाचे चमचे. टपरीच्या एका चहात दोन चमचे साखर सहज असते. तीन चहा झाले की दिवसाचा कोटा संपला. पेढा, लाडू, शिरा अजून मोजलेच नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. तो आपल्या वस्तीत कधीच येऊन बसलाय.

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचं सांगते. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं प्रसूती विभागात काम केलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी नाहीतर बर्फी. या रीतीबद्दल वेगळं लिहावं लागेल. पण आम्हा सिस्टरांच्या ड्युटी रूममध्ये मुलगा असो की मुलगी, डबा रोज असायचाच. नाइट ड्युटीत पहाटे तीनला पोटात कावळे ओरडतात, घरचा डबा आठलाच संपलेला असतो आणि समोर पेढे. नातेवाईक आग्रह करायचे, "खाई ले व माय, एक पेढा काय करस?" दिवसा मी रुग्णांना पथ्य सांगायची आणि रात्री चार पेढे खायची. अडतिसाव्या वर्षी तपासणी केली, तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ निघाला. ५.७ पासून ६.४ पर्यंत म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

मला ज्ञान नव्हतं का? होतं, डिप्लोमा होता. मग मी नाही का म्हणू शकले नाही? या प्रश्नाचं उत्तर मला जिभेवर सापडलं नाही, माझ्या आईच्या गोष्टीत सापडलं.

माझी आई धुळ्यात शेंगा फोडण्याच्या कारखान्यात होती. तिथे तिचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेला. प्यायची, स्वतः विसळायची आणि परत तिथेच ठेवायची. कुणाच्या घरी काही गोड झालं तर तिच्या ओंजळीत वरून टाकायचे. त्या आईची मुलगी पांढऱ्या गणवेशात उभी आहे आणि कुणी मोठ्या घरचं माणूस तोच डबा तिच्यासमोर धरून "सिस्टर, घ्या ना" म्हणतंय. तो पेढा नुसता पेढा नव्हता. मी रुमालात बांधून तो आईकडे न्यायची, आणि आई तो डोळ्यांना लावून खायची. असा पेढा नाकारायचा कसा?

म्हणून आहाराच्या पुस्तकात लिहितात तसं "मनावर ताबा ठेवा" एवढं सांगून आपल्या लोकांचं भागत नाही. आपल्यासाठी कामावरच्या खाण्यात मान गुंतलेला आहे. नाही म्हटलं तर लोक म्हणतील, हिला गर्व आला. किंवा पुढच्या वेळी डबा आपल्यापर्यंत येणारच नाही. आमच्या वॉर्डात एक सफाई कामगार मावशी होती. डब्यात दोन दिवस पडून कडक झालेली मिठाई तिला दिली जायची, "घे मावशी, पोरांना होईल" असं म्हणून. तिला मधुमेह होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, घेऊ नका. तर म्हणाली, "सिस्टर, आज नाही म्हटलं तर उद्या हाक कोण मारेल?" घरी नेऊन ती मुलांना द्यायची आणि उरलेलं स्वतः खायची. पुढे पायाला काच लागली. पायाची संवेदना गेलेली असल्याने जखम कळलीच नाही. शेवटी दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर तिला काम झेपेना.

त्या मावशीला कुणी जहर दिलं नव्हतं, प्रेमानेच दिलं असेल. पण स्वतःला नको झालेलं खालच्या माणसाला देणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळं शिकवायला नको. महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलो, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितलं होतं, हे मात्र कमी सांगतो. पोटाला चिमटा बसेल, तरी सोडा म्हणाले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते करून दाखवलं. नाही म्हणण्याची आपली परंपरा आहे, आणि ती कुणाच्या आनंदाचा अपमान करण्याची नाही, स्वतःचा मान राखण्याची आहे.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. माईसाहेब डॉक्टर होत्या. त्यांच्या पथ्यपाण्याकडे आणि इन्सुलिनकडे त्या लक्ष देत. एवढ्या मोठ्या माणसाला पथ्य लागलं, तर आपण "मला शुगर आहे" हे सांगायला कशाला लाजायचं?

सरकारलाही हा प्रश्न दिसू लागलाय. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी सगळ्या मंत्रालयांना पत्र लिहून कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायला सांगितलं. कशात किती तेल, किती साखर, हे दिसेल असं. नागपूरच्या एम्सच्या निमित्ताने समोसा-जिलेबीच्या फलकांची चर्चा वर्तमानपत्रांत गाजली. मग सरकारने खुलासा केला की हा विक्रेत्यांना इशारा नाही, कामाच्या जागी लोकांना सावध करण्याचा प्रयत्न आहे. चांगलं आहे. पण फलक लागणार साहेबांच्या कँटीनमध्ये. आपली माणसं डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, जिनिंगवर, बांधकामावर आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करायला आहेत. तिथे कँटीन नाही, गेटवर गाडी आहे. तिथला फलक आपण एकमेकांना व्हायचं.

आणि मालकाच्या गोडाधोडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलते. दिवाळीला मिठाईचा डबा हातात पडला की आपण खूश होऊन घरी येतो. पण २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या आणि ठरावीक मर्यादेतला पगार असलेल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याचा हक्क आहे. डबा म्हणजे बोनस नाही. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय करणं ही कारखानदाराची जबाबदारी आहे. खूप ठिकाणी मी पाहिलंय, पाणी गरम आणि गढूळ असतं, म्हणून बायका तहान चहावर भागवतात. जेवायला धड वेळ मिळत नाही, म्हणून दोन मिनिटांत खाऊन होणारा समोसा बरा वाटतो. तेव्हा पथ्याची पहिली मागणी पाण्याची आणि जेवणाच्या सुट्टीची आहे. ती एकटीने करू नका, सगळ्या मिळून करा.

आता तथागतांची एक गोष्ट. कोसलचा राजा प्रसेनजित भरपूर भात खायचा. एकदा जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, लाजवलंही नाही. भोजनात मात्रा ओळखणाऱ्याची दुखणी कमी होतात आणि तो हळूहळू म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज ताट वाढलं की म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचं खाणं आटोक्यात आलं आणि अंग हलकं झालं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की राजालासुद्धा आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्याला का लागू नये?

म्हणून उद्यापासून एवढं करून पाहा.

कामावर एक सोबतीण किंवा सोबती धरा. दोघांनी ठरवायचं की दिवसाला एकच गोड चहा, बाकीचे फिके.

पेढ्याचा डबा आला तर तोंडभरून अभिनंदन करा आणि म्हणा, "दादा, तुमचा आनंद पोचला. माझी शुगर वाढलीय, तुम्ही घ्या." आणि डबा पुढे द्या. फारच आग्रह झाला तर एका पेढ्याचे चार वाटे करा. मिठाई घरी मुलांसाठी बांधून आणणं मात्र बंद करा. त्यांनाही सवय तिथूनच लागते.

आपला डबा उघडायला लाजू नका. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, मोडाची मटकी. दुसऱ्यांच्या पोळ्या पाहून आपल्या बायका भाकरी झाकून ठेवतात आणि समोसा मागवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तीच कळण्याची भाकरी आणि भरीत खायला मोठी माणसं गाड्या घेऊन ढाब्यावर जातात. आपण ती लपवायची का? फक्त ठेच्यात मीठ बेताने, कारण शेव, समोसा आणि लोणच्यातून मीठ आधीच भरपूर जातं आणि रक्तदाब वाढतो.

मधल्या भुकेला मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, काकडी, ताक. आपल्या रावेर-यावलचं केळंही आहेच, पण साखर असलेल्यांनी छोट्या केळ्याचा अर्धाच भाग घ्यावा.

वयाची तिशी झाली की सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. आशाताईला विचारा. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा प्रयोगशाळेत खात्री करून डॉक्टरांना भेटा.

आणि एक इशारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळू नये. कामावर अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या. त्या वेळी साखर हेच औषध आहे. तिथे पथ्य आडवं आणू नका. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

डाळ मिलच्या त्या ताईची तपासणी प्रयोगशाळेतही जास्तच आली. तिची गोळी सुरू झाली. पहिल्या दिवशी तिने फिका चहा मागितला तेव्हा मुकादम हसला. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीनेही मागितला. आता चार जणींचा चहा वेगळ्या किटलीत येतो. परवा ती विहारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, किटली तर झाली. आता थंड पाण्यासाठी आम्ही सगळ्या मिळून मालकाला भेटणार आहोत. अर्ज लिहून द्याल का?"

लिहून दिला. खाली अकरा सह्या आहेत, आणि तीन अंगठे.

जय भीम.