डबाभर गहू, डब्यात न मावणारे पीठ

धान्य मापले की त्याचे आकारमान कळते, तोलले की वजन. या दोहोंना जोडणारा आकडा मात्र प्रत्येक धान्याचा वेगळा असतो. वरूडच्या बाजारात तूर, हरभरा, गहू यांचा भाव क्विंटलवर ठरतो. घरी आल्यावर तेच धान्य वाटीने मापले जाते आणि रोडग्यांची पंगत असली की जुनी माणसे अजून पायलीची भाषा काढतात.

पायली म्हणजे चार शेर, आणि गोंधळाचे मूळ या शेरातच आहे. धान्याचा शेर म्हणजे भांडे. तूप-गुळाचा शेर म्हणजे वजन, ८० तोळ्यांचे, सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढे दुकानात धान्यही किलोनेच मिळू लागले. भांड्याचा शेर आणि तराजूचा शेर एकच धरून ‘पायली म्हणजे चार किलो’ असे सांगणे चूक आहे. पायलीचे भांडे गावोगाव सारखे नव्हते, शिवाय माप सपाट की शिगेचे, हाही प्रश्न असे. काठावर चढलेल्या शिगेत किती दाणे राहतील हे भांड्याच्या तोंडावर अवलंबून. तोंड रुंद तितकी शीग मोठी. अमेरिकेत बुशेल हेही मुळात आकारमानाचे माप. तिथे धान्यागणिक त्याचे वजनच ठरवून टाकले आहे: गव्हाचे ६० पौंड, मक्याचे ५६, ओटचे ३२. हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

वजन आणि आकारमानातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो चक्कीवर. १५ किलो तेलाच्या रिकाम्या डब्यात गहू १३ किलोच्या आसपासच बसतो. तो दळला की वजन जवळपास तेवढेच राहते, पण पीठ डब्यात मावत नाही; उरलेले पिशवीत आणावे लागते. दाणा फुटून त्याच्या कणाकणांत हवा शिरलेली असते. रोडग्यांसाठी जाडसर दळलेली कणीक त्याच भांड्यात बारीक कणकेपेक्षा वजनाने जास्त भरते. म्हणून पाककृतीत नुसते ‘दोन वाट्या कणीक’ लिहिणे अपुरे आहे. पीठ ग्रॅममध्येच सांगायला हवे.

तांदळाचे तसे नाही. ‘एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी’ हे प्रमाण कुठल्याही वाटीला लागू पडते. तेच वजनात सांगायचे तर १०० ग्रॅम तांदळाला २०० नव्हे, साधारण २४० ग्रॅम पाणी लागेल, कारण वाटीभर तांदूळ वाटीभर पाण्यापेक्षा हलका असतो. इथे वाटीच सोयीची, तिला हटवण्याचे कारण नाही.

घरातल्या वाटीचा आकडा काढणे अवघड नाही. वाटी काठोकाठ पाण्याने भरून तोलावी आणि रिकाम्या वाटीचे वजन वजा करावे. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर माप. २०० मिलिलिटरच्या सपाट वाटीत गहू सुमारे १५५ ग्रॅम, ज्वारी १५०, तुरीची डाळ १६५ च्या आसपास बसते. कणीक अलगद भरली तर १०५ ते ११०, दाबून भरली तर १३० च्याही पुढे. बेसन याहून हलके. धान्याचा आकडा एकदा काढला की वर्षभर पुरतो. पीठ मात्र चाळल्यावर पुन्हा तोलावे, कारण चाळणीतून पडताना ते फुलते आणि तीच वाटी कमी वजनात भरते.