मजूर भाषा शिकतो, साहेब शिकत नाही : परदेशी धम्मयात्रांबद्दल थोडं कडू

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ. आपल्या विहारांच्या फळ्यांवर आता बुद्धगया आणि लुंबिनीच्या जोडीला थायलंड, श्रीलंकेच्या धम्मयात्रांची पत्रकं लागतात. याचा आम्हाला आनंद आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची सोय नव्हती, त्यांची नातवंडं पासपोर्ट काढून बँकॉकच्या वाट फोमध्ये पहुडलेल्या बुद्धमूर्तीसमोर हात जोडून उभी राहतात. याला कुणी चैन म्हणत असेल तर त्याच्याशी आमचं भांडण वेगळं आहे. आजचं भांडण आपलं आपल्याशी आहे.

थायलंडच्या अशाच एका यात्रेत आम्ही होतो. सकाळचा नाश्ता चालला होता. पन्नाशीची एक बाई टेबलं पुसत होती. आमच्यातल्या एका शिकल्यासवरल्या, नोकरीत स्थिरावलेल्या कार्यकर्त्याने टिचकी वाजवून तिला हाक मारली, "हॅलो! वॉटर, वॉटर!" तिला कळलं नाही. त्याने तोच शब्द आणखी मोठ्याने म्हटला. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "या लोकांना साधं इंग्रजीसुद्धा येत नाही." टेबलावर हशा पिकला. आम्हीही हसलो, ते लपवत नाही. आणि तासाभराने आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून, मैत्रीभावना करत बसलो होतो. सगळ्या प्राण्यांचं मंगल होवो म्हणत होतो.

"साधं इंग्रजीसुद्धा येत नाही." मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून वर्गात कोण हसलं होतं? आपल्या आईबापांच्या बोलीला 'अशुद्ध' कुणी ठरवलं? मुलाखतीत तोंड उघडताच आडनाव विचारायची गरज संपते, हा अनुभव आपल्यातल्या कितीजणांना आहे? भाषेवरून माणसाची पायरी ठरवण्याचा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसला. विमानाने चार तासांवर गेल्याबरोबर तोच खेळ आपण खेळायला लागलो, फक्त बाजू बदलून.

आमच्या एका साथीची आई वीस वर्षं वाशीच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक करत होती. ती शाळेत गेलेली नाही. पण तिला गुजराती घरातली डाळ-ढोकळी, पंजाबी घरातला तडका आणि तमिळ घरातलं रसम, सगळं त्या-त्या घरच्या शब्दांत कळायचं. "काय आणू" आणि "किती टाकू" हे ती चार भाषांत विचारायची. याला कुणी बहुभाषिक म्हटलं नाही. 'बाई चांगली आहे, समजते तिला' एवढंच म्हटलं. त्या वीस वर्षांत त्या घरांतल्या एकानेही तिचा एखादा शब्द उचलला नाही. ती 'कालवण' म्हणाली की लोक हसायचे.

तुर्भ्याच्या नाक्यावर सकाळी उभे राहा. कलबुर्गीकडून, तेलंगणातून आलेला गवंडी मोडक्या मराठी-हिंदीत मजुरी ठरवत असतो. ज्या टॉवरची भिंत तो बांधतो, त्या टॉवरमध्ये राहायला येणाऱ्याला त्याची भाषा यायची गरज नसते. आपली पोरं एसी दुरुस्तीला, ड्रायव्हरकीला आखाती देशांत जातात. सहा महिन्यांत ती कामापुरती अरबी आणि खोलीतल्या सोबत्यांची मल्याळम बोलू लागतात. त्याच शहरात मॉल बघायला गेलेला पर्यटक परत येतो तेव्हा त्याला 'शुक्रन'सुद्धा आठवत नाही.

यातून एक नियम दिसतो. मजूर भाषा शिकतो, साहेब शिकत नाही. दोन माणसं समोरासमोर आली की समजून घेण्याचे कष्ट कुणी करायचे, हे सत्ता ठरवते. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने भाषांच्या बाजारपेठेबद्दल लिहिलं. त्या बाजारात प्रत्येक बोलीला वेगळा भाव मिळतो, आणि हा भाव बोलीच्या गुणावर नाही, बोलणाऱ्याच्या स्थानावर ठरतो. आपल्याला हे कळायला बोर्द्यू लागत नाही. गाव पुरे.

म्हणून परदेशात गेल्यावर तिथल्या भाषेत चार शब्द बोलायचा प्रयत्न करणं हा आमच्या लेखी शिष्टाचाराचा किंवा हौसेचा विषय नाही. तो समतेचा विषय आहे. पैसे देणारा मी आहे, तरी समजून घेण्याचे कष्ट मीही करीन, असं त्यात कबूल करावं लागतं. चुकण्याची आणि हसं होण्याची जोखीम मी घेईन. ती दरवेळी टेबल पुसणाऱ्या बाईनेच का घ्यावी?

आता आक्षेप येतील. पहिला आक्षेप : बाबासाहेबांनीच इंग्रजीचं महत्त्व सांगितलं ना? सांगितलं, आणि आम्ही ते मानतो. इंग्रजी ही आपल्यासाठी शिडी आहे, ती कुणाच्याही अस्मितेपायी सोडायची नाही. पण शिडी चढायला असते, खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात घालायला नसते. आणि बाबासाहेब इंग्रजीवर थांबले होते का? शाळेत त्यांना संस्कृत नाकारलं गेलं, पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवली. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकायचं ठरवलं तेव्हा तिथे अर्ज केला तो जर्मनमध्ये लिहून. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, मधुमेहाने शरीर पोखरलेलं असताना, ते पाली शब्दकोशाचं काम करत होते. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते काम आहे. जिथे जायचं तिथली भाषा आधी गाठायची, ही त्यांची सवय होती. आपण त्यांचा कोट घेतला, टाय घेतला. ही सवय का नाही घेतली?

दुसरा आक्षेप : पाच दिवसांत भाषा येते का? मोडकं बोलून हसंच होतं. होतं, खरं आहे. थाई भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मा' एका सुरात 'ये', दुसऱ्यात घोडा, तिसऱ्यात कुत्रा. कितीही घोकलं तरी चुकणार. पण आम्ही भाषा यावी असं म्हणतच नाही, प्रयत्न दिसावा असं म्हणतो. पाण्याला थाईत 'नाम' म्हणतात. पुरुषाने वाक्याच्या शेवटी 'खाप' आणि बाईने 'खा' लावलं की बोलण्यात अदब येते. आपण अनोळखी माणसाला ताई-दादा म्हणतो, तसं तिथे वयाने मोठ्या बाईला किंवा बुवाला 'फी' म्हणतात. एवढ्या तीन शब्दांत टिचकी वाजवायची गरज संपली असती.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर : आपण धम्मासाठी जातो, भाषेसाठी नाही. मग धम्माचंच बघू. चुल्लवग्गात गोष्ट आहे. जन्माने ब्राह्मण असलेले दोन भिक्षू बुद्धाकडे तक्रार घेऊन आले. वेगवेगळ्या कुळांतले, जातींतले लोक संघात आलेत, ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदसात, म्हणजे वेदाच्या वळणाच्या भाषेत, बसवतो. ही तक्रार 'ण'ला 'न' म्हणणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारीची पणजी आहे. बुद्धाने ती फेटाळली, त्या भिक्षूंना खडसावलं आणि 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची मुभा दिली. या शब्दांचा अर्थ आपापली बोली की बुद्धाची मागधी, यावर अट्ठकथेपासून वाद आहे. पण छंदस नाकारलं, यावर वाद नाही.

दुसरं वचन आपल्या विषयाला थेट भिडतं. मज्झिम निकायातलं अरणविभंग सुत्त. रण नको, भांडण नको, यासाठी कसं वागावं ते त्यात आहे. एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात सराव. ज्या जनपदात जाल तिथले लोक जो शब्द वापरतात तो वापरा, माझाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे असा हट्ट धरू नका, असा त्याचा आशय आहे. परक्या मुलखात तिथला शब्द वापरणं हा भांडण टाळण्याचा, म्हणजे शांतीचा, भाग म्हणून बुद्धाने सांगितला. मैत्रीभावना करायला हॉटेलातून विहारापर्यंत जायची गरज नव्हती. ती नाश्त्याच्या टेबलापासून सुरू होत होती.

आणि आपल्या वारशात हे फक्त ग्रंथात नाही, दगडातही आहे. पनवेलहून घाट चढून कार्ल्याला जा. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची दानं कोरली आहेत. परक्या मुळाची ही माणसं, पण सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी त्यांनी आपली नावं कोरून घेतली ती इथल्या प्राकृतात, इथल्या ब्राह्मी लिपीत. इसवी सन ३९९ मध्ये चीनहून निघालेला फाहियान पाटलिपुत्रात तीन वर्षं राहिला तो इथली भाषा शिकायला आणि विनयाच्या पोथ्या उतरवायला. धम्मयात्रा या शब्दाची ही उंची आहे. आपण तिची फोटोयात्रा करायची का?

मात्र एक सावधगिरी. 'स्थानिक भाषा' म्हणजे तिथल्या बहुसंख्यांची भाषा, असं डोळे मिटून धरू नका. आपण नागपूरला दीक्षा घेतली त्याच १९५६ साली श्रीलंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. तमिळ बोलणारे लाखो लोक एका कायद्याने आपल्याच देशात परके ठरले. पुढच्या यादवीच्या मुळाशी जी कारणं होती त्यांत हे एक मोठं होतं. भाषा स्वतःहून शिकणं आणि भाषा दुसऱ्यावर लादणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा श्रीलंकेत 'आयुबोवन' जरूर म्हणा. पण कँडीकडच्या चहामळ्यात पान खुडणारी बाई बहुधा तमिळ असते. तिला 'वणक्कम' म्हणा. तिचे पूर्वज इंग्रजांनी मजुरीसाठी नेले होते, आणि त्यांच्यात दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. धम्माचा देश पाहायला गेलेल्या आपल्याला आपलीच माणसं ओळखता आली नाहीत, तर काय पाहिलं आपण?

हाच निकष घरी परतल्यावर लावा. परप्रांतीय रिक्षावाल्याच्या कानाखाली मारून मराठी वदवून घेणारे आपले नेते नाहीत. मराठी आपली आहे, ती इथे सगळ्यांनी शिकावी असं आम्हालाही वाटतं. पण दहशतीने शिकवलेली भाषा गुलामी शिकवते. आणि नाक्यावरच्या तेलुगू मजुराला 'नमस्कारम' म्हणणारा एकही कार्यकर्ता आपल्याकडे नसेल, तर त्याला संघटनेत आणण्याच्या गप्पा कशाला?

नुसती टीका करून आम्ही थांबत नाही. आमच्या गटाने ठरवलं आहे की पुढच्या प्रत्येक परदेशी यात्रेआधी चार रविवार विहारात तासभर वर्ग घ्यायचा. त्या देशाचे तीस शब्द : नमस्कार, आभार, माफ करा, पाणी, किती, ताई, दादा, एक ते दहा. सोबत त्या देशाचा थोडा कामगार-इतिहास. वर्ग शक्यतो त्यांनी घ्यावा जे तिकडे मजुरीला राहून आलेत. भाषेचे खरे पंडित तेच आहेत. पहिल्या वर्गाला आम्ही वाशीत काम केलेल्या त्या आईला बोलावणार आहोत. चार भाषांत "किती टाकू" कसं विचारायचं, ते तिच्याकडून शिकायचं आहे.

शेवटी, त्याच यात्रेतलं एक. त्या दिवशी विहारात थाई उपासक त्रिशरण म्हणू लागले. 'बुद्धं सरणं' त्यांच्या तोंडी 'फुत्थंग सरणंग' होतं. 'गच्छामि'चं 'खच्छामि' होतं. आमच्यातलं कुणी हसलं नाही. उच्चार वेगळा असला तरी शरण एकच, हे सगळ्यांना आपसूक कळलं. जे गाथेला कळलं ते पाण्याच्या ग्लासाला का कळू नये?

पुढच्या खेपेला टिचकी वाजवायच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!